हुश्या बुरूज

"आता कुणी मागे वळून बघायचं नाही," गाइड म्हणाले, आणि नेहमीप्रमाणे सगळ्यांनी मागे वळून बघितलं.

त्यांना तेच हवं असायचं. पायऱ्या चढून दमलेल्या माणसांच्या पाठीशी, कड्याच्या अगदी टोकावर, किल्ल्याचा ईशान्येकडचा बुरूज एकदम उभा राहायचा. खालून येताना तो दिसत नसे. गाइडनी छत्रीचं टोक त्याच्यावर रोखलं. ऊन असो नाहीतर पाऊस, छत्री त्यांच्या हातात असायचीच. तलवारही तीच आणि भालाही तीच.

"हा हुश्या बुरूज. रात्रभर इथून पहारेकरी हाक द्यायचा, हुश्शार! हुश्शार! थेट खालच्या दरवाज्यापर्यंत ऐकू जायची. हे मी सांगत नाही बरं का, पुस्तकात छापलंय."

बुरुजाच्या पायथ्याशी एक मुलगी गुडघे टेकून भिंतीला टेप लावत होती. ओढणी कमरेला खोचलेली, पेन्सिल दातात.

"आणि ही माझी मुलगी. एम.ए. करतेय, मध्ययुगीन इतिहासात. आठवडाभर मध्ययुगातच असते, जेवायला तेवढी घरी येते."

माणसं हसली. मुलीनं मान वर केली नाही, पण तिचे कान लाल झाले. वडील हा विनोद दर खेपेला करत. तिला तो आवडत नसे असं मात्र नाही.

त्या वेळी त्या गावातून एम.ए.ला गेलेली ती एकटीच. सकाळच्या बसनं विद्यापीठात जायची, संध्याकाळच्या बसनं परत यायची. बसमध्ये कुणी विचारलं, एवढं जुनं शिकून काय करणार, तर कंडक्टरच परस्पर सांगायचा, "बापाच्या गप्पा तपासणार." कारण गाइडना सगळं गाव 'बखरवाले' म्हणत असे. शाळा त्यांनी लवकर सोडली होती. किल्ला त्यांना तोंडपाठ होता, आणि जिथे पाठ नव्हता तिथे ते तो रचत. प्रश्न विचारला आणि त्यांच्याकडे उत्तर नाही, असं होत नसे. राणीचे केस कुठवर येत, भुयारातून किती घोडे शेजारीशेजारी पळत, पडलेल्या दगडाखाली कोण होतं, सगळं त्यांना ठाऊक असे.

विद्यापीठात प्रबंधिकेच्या मार्गदर्शक बाईंनाही सगळी मुलं गाइडच म्हणत. त्यामुळे घरात दोन गाइड झाले होते.

"तुझ्या गाइड काय म्हणतात?" वडील जेवताना विचारत.

"म्हणतात, पुरावा कुठाय?"

"आणि मी काय म्हणतो?"

"तुम्ही म्हणता, पुढे चला, पुढे चला."

यावर आई रोज हसायची. आई घरी शिवणकाम करी. तिला इतिहासातलं काही कळत नाही असं ती स्वतःच सांगायची, आणि ते खरं आहे की नाही याची कुणी कधी परीक्षा घेतली नव्हती.

प्रबंधिकेचा विषय होता किल्ल्यावरच्या पहाऱ्याची व्यवस्था. पहारेकरी कुठे बसत, हाक कुठून कुठे जाई, रात्रीचा मुख्य पहारा कोणत्या बुरुजावर असे. एक मोठे प्राध्यापक पूर्वी या किल्ल्यावर पुस्तक लिहून गेले होते, आणि त्या पुस्तकाशिवाय कुणाचं पान हलत नसे. त्यात लिहिलं होतं की मुख्य पहारा हुश्या बुरुजावर असे, कारण 'हुश्या' हे 'हुश्शार' या पहाऱ्याच्या हाकेचंच झिजलेलं रूप आहे. मुलीनं महिनोन्महिने बुरूज मोजले. प्रत्येक पहाऱ्याच्या बुरुजात बसायला एक दगडी ओटा होता, दिव्यासाठी कोनाडा होता. फक्त हुश्या बुरुजात दोन्ही नव्हते, आणि त्याच्यापुढे सरळ तुटलेला कडा होता. तिकडून पाखरूसुद्धा चढून आलं नसतं. मग तिनं लिहिलं, 'येथील ओटा व कोनाडा कालांतराने नष्ट झाले असावेत.' हे वाक्य तिला नवीन चपलेसारखं चावत होतं.

ते प्रकरण पुरं झालं त्या दिवशी तिनं ते घरी वाचून दाखवलं. आई भाजी वाढत होती, वडील पाटावर ताठ बसून ऐकत होते. 'हुश्शार'चा परिच्छेद आला आणि आईला एकदम ठसका लागला.

"काय झालं?"

"काही नाही. वाच, वाच. हुश्शार म्हणे!"

"आई, हसतेस काय?"

आईनं पळी खाली ठेवली आणि पदरानं डोळे पुसले. "अगं बाई, हुश्या म्हणजे तूच की."

मुलीच्या हातातला कागद तसाच राहिला.

"नुकती चालायला लागली होतीस," आई म्हणाली. "मला मशीनवर बसू द्यायची नाहीस, म्हणून हे तुला वर घेऊन जायचे. कडेवर घेतलेलं तुला खपायचं नाही. सगळ्या पायऱ्या आपल्या पायांनी चढायचीस, आणि त्या बुरुजाशी पोचलीस की बसकण मारायचीस आणि म्हणायचीस, हुश्श! साठीच्या म्हातारीसारखी. मग रोज सकाळी यांचं सुरू, चला, हुश्श बुरुजावर कोण येणार? हुश्शचं हुश्या व्हायला कितीसा वेळ लागतो?"

मुलीनं वडिलांकडे बघितलं. ते पोळीचा अगदी लहान तुकडा तोडत होते, मग त्याचा आणखी लहान.

"बाबा?"

"लोकांना आवडायचं," ते म्हणाले. "ईशान्येचा बुरूज म्हटलं की लोक जांभया देतात. हुश्या म्हटलं की थांबतात. मग एकदा ते प्राध्यापक आले वही घेऊन. तरुण होते तेव्हा. विचारलं, या बुरुजाचं नाव काय? मी सांगितलं."

"आणि हुश्शार? पहारेकऱ्याची हाक?"

"ते माझं नव्हे." वडिलांचा आवाज दुखावल्यासारखा झाला. "ते मी त्यांच्या पुस्तकातून घेतलं. मला वाटलं, एवढा शिकलेला माणूस, त्याला ठाऊक असेल."

आई पुन्हा हसायला लागली. मुलीला हसावं की रडावं कळेना. पण वडील आता तिच्याकडे सरळ बघत होते.

"छापलंय ते," ते म्हणाले. "बोबडं बोलणाऱ्या पोरीचा शब्द, आणि जाडजूड पुस्तकात छापलाय. लोक लांबून पुस्तक घेऊन येतात आणि मला विचारतात, हुश्या बुरूज कुठला. आणखी कुणाच्या घरात झालंय असं, सांग बघू."

बाईंच्या खोलीत कागदांना धुळीचा आणि चहाचा वास असायचा. मुलीनं सगळं सांगितलं तेव्हा बाई हसल्या नाहीत. चष्मा काढून त्यांनी तो साडीच्या टोकानं बराच वेळ पुसला.

"तोंडी परीक्षेला बाहेरून कोण येणार आहे, माहीत आहे ना?"

"हो. ते पुस्तकवाले प्राध्यापकच."

"मग ऐक. नाव गाळून टाक. ईशान्येचा बुरूज लिही, ओटा नाही म्हणून लिही, आणि पुढे जा. न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे."

"पण त्यांचं पुस्तक उद्या कुणीतरी वाचेल, बाई. परत मुख्य पहारा तिथेच नेऊन ठेवेल. मीसुद्धा नेला होता. माझ्याच मोजमापाला मी खोटं पाडलं, त्या नावासाठी."

"आणि पुरावा काय देशील? तुझं हुश्श? ते कुठल्या दफ्तरात नोंदलंय?"

"जुन्या एकाही नकाशात हे नाव नाही. मी सगळे बघितले. सगळीकडे नुसता ईशान्येचा बुरूज आहे."

"नाव नसणं हा अर्धा पुरावा. उरलेला अर्धा?"

"उरलेला अर्धा वडील आहेत."

बाईंनी चष्मा घातला. गावचे बखरवाले त्यांनाही माहीत होते. एकदा सहलीला गेल्या असताना त्यांनी राणीच्या केसांची लांबी ऐकली होती.

"अडवणार नाही मी तुला," त्या शेवटी म्हणाल्या. "पण तळटीप तू लिहायचीस. उद्या काही झालं तर मी सुचवली असं म्हणायचं नाही."

ओटा-कोनाडा नष्ट झाल्याचं वाक्य तिनं काढलं, आणि हुश्या हे नाव अलीकडचं असल्याची तळटीप चार ओळींची झाली. त्या वेळी प्रबंधिका टाइप करून घ्यावी लागत असे, कार्बन घालून, आणि चार ओळी वाढल्या की अख्खं पान पुन्हा करावं लागे. टायपिस्ट कुरकुरली, पण तिनं केलं. मुलीनं ते पान आधी वडिलांना दाखवलं. तिला वाटलं, तेवढं आपण त्यांचं देणं लागतो.

वडील दारातल्या पायरीवर बसून ते वाचत होते. वाचून झाल्यावरही कागद त्यांनी लगेच परत दिला नाही.

"माणसं आयुष्यभर राबतात, तरी घराच्या दारावरच्या पाटीपलीकडे त्यांचं नाव जात नाही. तुझ्या नावावर अख्खा बुरूज आहे. आणि तो तू आपल्या हातानं सोडायला निघालीस."

"माझा नाहीच तो, बाबा."

"मग कुणाचा?"

"ज्यांनी बांधला त्यांचा."

"त्यांनी ठेवलं होतं का नाव? रिकामाच पडला होता."

तिनं कागदासाठी हात पुढे केला.

"आणि उद्यापासून मी लोकांना काय सांगू?" त्यांनी विचारलं. कागद त्यांनी तिच्या हातात ठेवला.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून ते माणसांना घेऊन तळ्याच्या बाजूनं वर जाऊ लागले. तिकडून गेलं की ईशान्येचा बुरूज वाटेत लागत नाही. चढण वाढायची, लोक कुरकुरायचे, तरी ते तिकडूनच जायचे. जेवताना दोन गाइडांचा विनोद बंद झाला. आई एकदा इकडे बघायची, एकदा तिकडे.

"बापलेक दोघंही त्या बुरुजासारखी," ती म्हणाली. "पुढे कडा आहे, पण मागे सरायचं नाव नाही."

तोंडी परीक्षेच्या दिवशी मुलगी सकाळच्या बसमध्ये चढली, तर वडील आधीच आत बसलेले. इस्त्रीचा शर्ट, छत्री मांडीवर.

"तुम्ही कुठे?"

"काम आहे जरा त्या बाजूला," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. बस थांबली तेव्हा तिच्यामागून उतरले, तिच्यामागून विद्यापीठाचा जिना चढले आणि विभागाबाहेरच्या बाकावर बसले. ती आत जाईपर्यंत त्यांनी शिपायाला इमारतीच्या खांबांचा इतिहास सांगायला सुरुवात केली होती. ती इमारत बांधताना शिपायानं स्वतः वाळू वाहिली होती, पण तोही ऐकत राहिला.

आत लांबट टेबलापलीकडे बाई होत्या आणि त्यांच्या शेजारी सर, ते पुस्तकवाले प्राध्यापक. केस पांढरे, बोटं लांबसडक. त्यांनी प्रबंधिकेत कागदाचे कपटे घालून ठेवले होते. ओट्यांबद्दल त्यांनी बारीकसारीक विचारलं, हाक वाऱ्याच्या दिवशी किती लांब जाईल ते विचारलं, आणि मुलीला जाणवलं की आपल्याला सगळं येतंय. येतंय एवढंच नाही, सांगताना मजा येतेय. मग सरांनी शेवटचा कपटा काढला.

"ही तळटीप. बुरुजाचं नाव अलीकडचं आहे आणि ते एका लहान मुलीच्या बोलण्यातून आलं, असं तुम्ही म्हणता. आधार काय, तर 'किल्ल्यावरील गाइड यांची मौखिक माहिती'." त्यांनी वर बघितलं. "गाइड लोक वाटेल ते सांगतात, हे तुम्हाला माहीत असेल."

"हो सर. मी त्यांच्याच घरात वाढले."

बाईंनी टेबलावरची पेन्सिल उगाच सरळ केली.

"मग विश्वास का ठेवलात?"

"सर, तुमच्या पुस्तकातलं नावही त्यांच्याच तोंडचं आहे. दोन्ही वेळा साक्षीदार एकच. फरक एवढाच की या वेळी त्यांना सांगण्यात काही फायदा नव्हता. नुकसानच होतं."

वर पंखा फिरत होता. सरांनी प्रबंधिका मिटली नाही, त्या पानावर नुसता हात ठेवला.

"कुठे आहेत हे गृहस्थ?"

"बाहेर बसलेत, सर."

वडील आत आले आणि दाराशीच थांबले. सरांनी त्यांना ओळखलं की नाही, कळलं नाही. वडिलांनी मात्र ओळखलं, लगेच.

"तुम्ही मला एकदा एका बुरुजाचं नाव सांगितलं होतं," सर म्हणाले. "ते या मुलीनं ठेवलं, असं हिचं म्हणणं आहे. खरं आहे?"

वडिलांनी छत्री उचलली. छत्री वर गेली की गोष्ट सुरू व्हायची, हे तिला चालायला लागल्यापासून ठाऊक होतं. पहारेकरी येणार होता, हाक येणार होती, कदाचित राणीही. सर मान डोलावणार होते, पुस्तक शाबूत राहणार होतं, बुरूजही. आणि तिचं प्रकरण तेवढं कोसळणार होतं. वडिलांनी एकदा तिच्याकडे बघितलं, आणि छत्री वळवून भिंतीला टेकवून ठेवली. हात रिकामे झाल्यावर त्यांना ते कुठे ठेवावेत कळेना.

"खरं आहे," ते म्हणाले. "ती दमायची आणि हुश्श म्हणायची. बाकी काही नाही."

"मग तेव्हा मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही नाव विचारलंत, साहेब. कुणी ठेवलं ते नाही विचारलंत."

सरांनी तळटीप पुन्हा एकदा वाचली. मग त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला.

"नाही विचारलं," ते म्हणाले. "आणि मग बरीच वर्षं शिकवलं." त्यांनी पेन उघडलं आणि प्रबंधिका मुलीकडे सरकवली. "पण तुमचीही चूक आहे. नुसतं 'गाइड' लिहून चालणार नाही. साक्षीदाराचा कल कुठे असेल, ते वाचणाऱ्याला कळायला हवं. नातं लिहा."

"इथेच, सर?"

"इथेच."

मुलीनं 'गाइड' या शब्दापुढे बाणासारखी खूण केली आणि ओळीच्या वर लिहिलं, 'लेखिकेचे वडील'. टाइप केलेल्या पानावर ते तेवढंच हातानं लिहिलेलं. वडील दाराशी उभे राहून मान उंच करून बघत होते. एवढ्या लांबून त्यांना वाचता येणं शक्य नव्हतं.

परतीच्या बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, "काय बखरवाले, तपासल्या का गप्पा?" त्यावर वडील म्हणाले, "तपासल्या. एक खरी निघाली." आणि तिकिटं घेतली.

निकाल लागला त्या आठवड्यात मुलगी किल्ल्यावर गेली होती. मोजायचं काही उरलं नव्हतं, सहज गेली होती. पायऱ्यांवरून आवाज वर येत होते, आणि तो घोळका तळ्याच्या बाजूनं येत नव्हता. ती तटाच्या सावलीत सरकली.

"आता कुणी मागे वळून बघायचं नाही," वडिलांचा आवाज आला. सगळ्यांनी बघितलं.

"वा! याचं नाव काय?" एका बाईनं विचारलं.

"नाव नाही."

"एवढ्या मोठ्या बुरुजाला नाव नाही?"

"होतं. पुस्तकातसुद्धा होतं. माझ्या मुलीनं खोडलं. एम.ए. आहे ती, मध्ययुगीन इतिहासात. पहिल्या वर्गात." ते क्षणभर थांबले. "पुस्तक लिहिणाऱ्या साहेबांसमोर बसून खोडलं."

माणसं आता बुरुजाकडे वेगळ्याच नजरेनं बघत होती. कुणी जवळ जाऊन दगडाला हात लावला.

"पण ज्यांनी बांधला, ते याला काहीतरी म्हणतच असतील ना?" त्याच बाईनं पुन्हा विचारलं. "काय म्हणत असतील?"

गाइडनी तोंड उघडलं. सावलीत उभी असलेली मुलगी तटाच्या कडेनं जरा पुढे झाली. वारा कड्यावरून वर आला आणि कुणाचा तरी पदर फडफडला.

"ते कुणालाच माहीत नाही," ते म्हणाले, आणि ते इतक्या मोठ्यानं, इतक्या ऐटीत म्हणाले की घोळक्यातल्या दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या.